एजंट गोड बोलतो, पण तो घर विकणाऱ्याचा आहे

इंदिरानगर, नाशिक येथील एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला पाठवलेल्या पत्राचा सारांश असा : मुलगा आणि सून चार वर्षांपासून नोकरीनिमित्त इंग्लंडमधील रीडिंग शहरात राहतात. तेथे त्यांनी ३ लाख ८० हजार पौंड किमतीचे एक जुने घर पसंत केले आहे. एजंट अतिशय आपुलकीने वागतो, दलाली मागत नाही, कर्जाचा सल्लागार आणि वकीलही आपणच देतो म्हणतो. मात्र दुसऱ्या एका जोडप्याचा प्रस्ताव आला असल्याने उद्यापर्यंत उत्तर द्या, असा त्याचा आग्रह आहे. आडगाव शिवारातील यजमानांच्या नावावरचा एन. ए. प्लॉट विकून मुलाला ६० लाख रुपये पाठवण्याचा या दांपत्याचा विचार आहे आणि त्या घरावर आपलेही नाव असावे, अशी यजमानांची इच्छा आहे. स्वतः हे दोघे ज्या फ्लॅटमध्ये राहतात, तो सात वर्षांपूर्वी मुलाच्या नावावर घेतलेला आहे. एजंटवर विश्वास ठेवावा का, घर अडवून ठेवण्यासाठी टोकन द्यावे का, पैसे कसे पाठवावेत आणि अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश साधेल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत निकडीच्या गोष्टीपासून सुरुवात करतो. उद्यापर्यंत उत्तर देण्याचे कोणतेही बंधन तुमच्या मुलावर नाही आणि टोकन म्हणून एक पौंडही देण्याची गरज नाही. एजंट वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो आपले काम चोख करत असेल, पण ते काम तुमच्या मुलाचे नाही, हे तुम्ही सर्वांनी मनाशी पक्के करावे असे मला कळकळीने वाटते.

आपल्याकडे गंगापूर रोडला किंवा पाथर्डी फाट्याला घर घेताना एजंट बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, त्यामुळे तो थोडा आपलाही आहे, अशी आपली समजूत असते. इंग्लंडमध्ये एजंटला नेमतो घराचा मालक आणि त्याचे शुल्क देतोही मालकच. म्हणून तुमच्या मुलाकडे त्याने दलाली मागितली नाही, यात त्याचे औदार्य काही नाही. मालकाला जास्तीत जास्त किंमत मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य आहे आणि मुलगा त्याच्यापाशी जे बोलेल, ते मालकाच्या कानावर जाणार असे धरूनच चालावे. असे असले तरी खरेदीदारावर अन्याय करण्याची मुभा त्याला नाही. १९७९ च्या इस्टेट एजंट्स ॲक्टनुसार आणि त्याखालील नियमांनुसार आलेला प्रत्येक प्रस्ताव त्याने मालकाला विनाविलंब आणि लेखी कळवावा लागतो. आपल्या कर्जसल्लागाराकडे किंवा वकिलाकडे जाण्यास नकार दिला म्हणून खरेदीदाराला डावलता येत नाही आणि घराबद्दलची महत्त्वाची माहिती दडवणे किंवा खोटी माहिती देणे हाही कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्रात एजंटला महारेराकडे नोंदणी करावी लागते. इंग्लंडमध्ये एजंट होण्यासाठी परवाना किंवा परीक्षा लागत नाही, मात्र तक्रार निवारणाच्या मान्यताप्राप्त योजनेचे सदस्यत्व त्याला सक्तीचे आहे. हा एजंट ‘प्रॉपर्टी ऑम्बुड्समन’कडे नोंदलेला आहे की ‘प्रॉपर्टी रिड्रेस’कडे, हे मुलाने आधी पाहून घ्यावे.

आपल्या माणसांना घराची बोलणी करताना मोकळेपणाने बोलण्याची सवय असते. चहा घेता घेता आपण किती रकमेपर्यंत जाऊ शकतो, वडील किती पाठवणार आहेत, कोणत्या मुहूर्ताची घाई आहे, हे सगळे आपण सांगून टाकतो. तुमच्या मुलाने आणि सुनेने यातले काहीही त्या एजंटला सांगू नये. बँकेचे कर्जाचे प्राथमिक संमतिपत्र दाखवावे लागेल, पण तेही मंजूर होऊ शकणाऱ्या कमाल रकमेचे न दाखवता जेवढ्याचा प्रस्ताव द्यायचा आहे तेवढ्याच किमतीला पुरेल असे तयार करून घेता येते. त्याऐवजी त्यांनी विचारायचे ते असे : घर किती दिवसांपासून विक्रीला आहे, किंमत आधी कधी कमी केली होती का, यापूर्वी ठरलेला व्यवहार मोडला होता का आणि कशामुळे, मालक स्वतः दुसरे घर घेऊन मगच हे सोडणार आहे का. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण तेथे खरेदी-विक्रीची साखळी असते आणि मधल्या एका कुटुंबाचे कर्ज अडले तरी सगळ्यांचे व्यवहार थांबतात.

दुसऱ्या जोडप्याचा प्रस्ताव खरा असूही शकेल. त्याची शहानिशा करण्याच्या मागे न लागता मुलाने त्या घराची स्वतःच्या हिशेबाने ठरणारी किंमत काढावी. ते अवघड नाही, कारण इंग्लंड आणि वेल्समधील घरे प्रत्यक्षात कोणत्या किमतीला विकली गेली, याची नोंद एच. एम. लँड रजिस्ट्री सर्वांसाठी खुली ठेवते. त्याच रस्त्यावरची तशाच आकाराची घरे गेल्या एक-दोन वर्षांत कितीला गेली, हे पाहून जो आकडा येईल, त्यावर सर्व्हे आणि करार यांच्या अधीन राहून असे स्पष्ट लिहिलेला प्रस्ताव ई-मेलने द्यावा, तो मालकाला कळवल्याची लेखी पोच मागावी आणि त्या आकड्यापलीकडे केवळ घाईपोटी जाऊ नये. घर हातचे गेले तर वाईट वाटेल, पण महाग पडलेल्या घराचे हप्ते पंचवीस-तीस वर्षे भरावे लागतात.

आता टोकनविषयी. आपल्याकडे इसार दिला, साठेखत झाले, की दोन्ही बाजू बांधल्या जातात. इंग्लंडमध्ये प्रस्ताव मान्य झाला तरी कोणीच बांधले जात नाही. दोन्ही बाजूंचे वकील सह्या केलेल्या करारांची देवाणघेवाण करतात, ज्याला तेथे एक्स्चेंज म्हणतात, तेव्हाच व्यवहार पक्का होतो आणि साधारणपणे किमतीच्या दहा टक्के रक्कम त्या वेळी वकिलामार्फत दिली जाते. या मधल्या दोन-तीन महिन्यांत मालक दुसऱ्या कोणाची जास्त रक्कम स्वीकारू शकतो, तसा तुमचा मुलगाही एक पौंड दंड न भरता माघार घेऊ शकतो. तोपर्यंत वकिलाचा आणि सर्व्हेचा जो खर्च झाला असेल, तेवढाच बुडतो. म्हणून प्रस्ताव मान्य होताच घराची जाहिरात काढून टाकण्याची आणि नवीन लोकांना घर न दाखवण्याची अट घालावी. एवढ्याने पूर्ण संरक्षण मिळत नाही, पण मालकाचा इरादा कळतो. अपवाद दोन आहेत. विकासकाकडून नवे घर घेताना आरक्षणाची छोटी रक्कम भरावी लागते आणि काही जुनी घरे ऑनलाइन लिलावासारख्या पद्धतीने विकायला काढलेली असतात, ज्यात खरेदीदाराने किमतीच्या काही टक्के रक्कम परत न मिळणारे शुल्क म्हणून आगाऊ द्यायची असते. या दुसऱ्या प्रकारापासून मुलाने दूरच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एजंट विक्रेत्याचा असल्यामुळे खरेदीदाराने आपली माणसे स्वतः पैसे देऊन नेमायची असतात. कर्जासाठी अनेक बँकांचे पर्याय पाहणारा स्वतंत्र मॉर्गेज ब्रोकर हवा. मुलगा व्हिसावर असल्याने हे अधिकच आवश्यक आहे, कारण व्हिसाची किती मुदत उरलेली असावी आणि स्वतःचे किती टक्के भरावेत, याचे प्रत्येक बँकेचे नियम निराळे असतात. वकीलही एजंटने सुचवलेला नको. अशा शिफारशीसाठी एजंटला बहुधा मोबदला मिळतो आणि ज्या वकिलाने वेळप्रसंगी ‘हे घर घेऊ नका’ असे सांगायचे, त्याचे पुढचे काम त्याच एजंटकडून येणार असेल, तर ते सांगताना त्याची जीभ अडखळते.

तिसरा माणूस म्हणजे सर्व्हेयर. आपली मंडळी नेमकी येथे पैसे वाचवायला जातात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. कर्ज देणारी बँक घराचे मूल्यांकन करते, पण ते तिच्या स्वतःच्या कर्जाच्या सुरक्षिततेपुरते असते आणि कधीकधी तर कोणी घरात पाऊलही न टाकता केलेले असते. त्यात भिंतीतली ओल, छताचे कुजलेले वासे, खचलेला पाया किंवा जुनाट वायरिंग यांचा तपास नसतो. त्यासाठी आर. आय. सी. एस. या संस्थेची मान्यता असलेल्या सर्व्हेयरकडून स्वतंत्र पाहणी करून घ्यावी लागते. या पाहणीच्या तीन पातळ्या असतात. साध्या, अलीकडच्या घरासाठी दुसरी पुरते, पण तुम्ही लिहिता त्याप्रमाणे घर जुने असेल आणि मागच्या बाजूला वाढीव बांधकाम केलेले असेल, तर मी तिसऱ्या पातळीचाच आग्रह धरीन. तेथील भिजट हवेत विटांच्या शंभर वर्षांच्या घरात काय काय लपलेले असते, हे रंग दिलेल्या भिंतीकडे पाहून आपल्याला कळत नाही. अहवालात मोठा दोष निघाला, तर तो दाखवून किंमत कमी करून मागता येते, त्यात गैर मानले जात नाही. वाढीव बांधकामाला नगरपालिकेची परवानगी होती का, पुराचा धोका आहे का, सांडपाण्याची नळी घराखालून जाते का, हे शोध वकील घेतो. घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसह कायमच्या मालकीचे, आहे ना, हे पहिल्याच दिवशी विचारावे. फ्लॅट असता तर तो बहुधा लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा, असता आणि मग लीजची किती वर्षे उरली आहेत व सोसायटीच्या मेंटेनन्ससारखा सर्व्हिस चार्ज किती आहे, हे किमतीइतकेच महत्त्वाचे ठरले असते.

आता ज्या गोष्टीकडे तुमच्यापैकी कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही आणि जिच्यामुळे मी हे उत्तर तातडीने देत आहे, ती म्हणजे तुमचा इंदिरानगरचा फ्लॅट. एजंट मुलाला ‘तुम्ही पहिल्यांदा घर घेणारे, तुम्हाला स्टॅम्प ड्यूटीत सवलत आहे’ असे सांगत असेल. तेथील कायद्यात पहिल्यांदा घर घेणारा म्हणजे जगात कोठेही ज्याच्या मालकीचे राहते घर कधीच नव्हते तो. नाशिकचा फ्लॅट मुलाच्या नावावर असल्याने ती सवलत त्याला नाही, आणि पती-पत्नी मिळून घर घेत असतील तर दोघांनाही नाही. इतकेच नव्हे, तर ऑक्टोबर २०२४ अखेरपासून दुसरे घर घेणाऱ्याला संपूर्ण किमतीवर पाच टक्के जादा कर लागतो आणि जगात कोठेही असलेल्या, ४० हजार पौंड किंवा त्याहून अधिक किमतीच्या घराची त्यात गणना होते. ३ लाख ८० हजार पौंडांच्या घरावर पहिल्यांदा घेणाऱ्याला ४,००० पौंड स्टॅम्प ड्यूटी पडते, सामान्य दराने ९,००० पौंड पडते आणि नाशिकचा फ्लॅट त्या दिवशी मुलाच्या नावावर असेल तर २८,००० पौंड. घर फक्त सुनेच्या नावाने घेऊन हा कर टाळता येईल असे कोणी सुचवले, तर ऐकू नका. एकत्र राहणाऱ्या पती-पत्नीची मालमत्ता या करासाठी एकत्रच मोजतात. फ्लॅटचा उल्लेख न करता विवरणपत्र भरणे हा तर विचारही मनात आणू नये, कारण खोटे विवरण व्हिसावर राहणाऱ्या माणसाला करापेक्षा कितीतरी महाग पडू शकते.

१९,००० पौंडांचा हा फरक वाचवण्यासाठी तुम्ही राहते घर घाईघाईने बाहेरच्या माणसाला विकावे, असे मी कदापि सुचवणार नाही. पण एक मार्ग तुमच्या सनदी लेखापालापुढे जरूर ठेवा. प्लॉटच्या पैशातून यजमानांनी इंदिरानगरचा फ्लॅटच मुलाकडून बाजारभावाने, रीतसर खरेदीखत करून विकत घेतला तर काय होईल? तुमच्या डोक्यावरचे छप्पर तुमच्या स्वतःच्या नावावर येईल. प्लॉटच्या विक्रीवरील भांडवली नफ्याची सवलत भारतातील घरासाठीच मिळते, परदेशातील घरासाठी मिळत नाही, त्यामुळे तीही कदाचित पदरात पडेल. मुलाला मिळणारी रक्कम ही त्याची स्वतःची असेल आणि कर भरून झाल्यावर ती तो आपल्या एन. आर. ओ. खात्यातून (अनिवासी भारतीयाचे येथील बँकेतले खाते), वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत, इंग्लंडला नेऊ शकेल. याला मुद्रांक शुल्क लागेल, मुलगा अनिवासी असल्याने खरेदी करताना यजमानांना टी. डी. एस. कापून भरावा लागेल आणि मुलाच्या नफ्यावर दोन्ही देशांत कर बसतो का, हे तपासावे लागेल. म्हणून येथला आणि तेथला, दोन्ही करसल्लागारांचा लेखी होकार आल्याशिवाय पाऊल उचलू नका. मात्र जे काही कराल, ते तेथील घराचा ताबा घेण्याच्या दिवसाआधी पूर्ण व्हायला हवे.

यजमानांचे नाव त्या घरावर लावण्याविषयी माझे उत्तर ‘नको’ असे आहे. त्यांची भावना मी समजू शकतो. आयुष्यभराच्या कमाईचा प्लॉट विकून पैसा द्यायचा आणि कागदावर कोठेही आपण नसावे, हे मनाला लागते. परंतु खरेदीदारांपैकी एक जण जरी आदल्या वर्षभरात किमान १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेला नसेल, तरी संपूर्ण किमतीवर आणखी दोन टक्के कर, म्हणजे येथे ७,६०० पौंड, लागू शकतो. शिवाय बहुतेक बँका अशा सहमालकाला कर्जात सामावून घेण्यास नाखूश असतात आणि यजमानांना दरवर्षी भारतातील आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता जाहीर करत बसावे लागेल, ते वेगळेच. तुम्ही बक्षीस म्हणून पैसे पाठवले, तर ही रक्कम कर्ज नाही आणि घरावर आमचा हक्क नाही, अशा पत्रावर बँक तुम्हा दोघांच्या सह्या घेईल. ती सही करण्यापूर्वी चौघांनी मिळून एकदा शांतपणे बोलून घ्यावे. म्हातारपणी पैशांची गरज पडली तर काय, हा प्रश्न आज विचारणे सोपे आहे, आणि सुनेसमोर विचारणे तर अधिकच बरे, म्हणजे नंतर तिला कोणी दोष देणार नाही.

पैसे थेट पाठवायचेच ठरले, तर ते फक्त बँकेमार्फत. उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि अशा बक्षिसाच्या रकमेवर दहा लाख रुपयांपुढे २० टक्के टी. सी. एस., म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, बँक आपल्याकडून वसूल करते. तो कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, पण तोवर अडकून पडतो. एकट्या यजमानांनी एकाच वर्षात ६० लाख पाठवले तर दहा लाख अडकतील. तुम्ही दोघांनी निम्मे निम्मे करून, अर्धे ३१ मार्चपूर्वी आणि अर्धे १ एप्रिलनंतर पाठवले, तर चार लाख. मुलाचा वकील हा पैसा कोठून आला, हे कागदोपत्री विचारणार आहे, आणि याच कारणासाठी आडगावच्या प्लॉटचा ग्राहक काही रक्कम रोखीने देतो म्हणाला, तर स्पष्ट नकार द्या. सातबारा, खरेदीखत आणि बँकेचे खाते यांत न दिसणारा पैसा तेथे घराला लावता येणार नाही आणि तो ‘ओळखीच्या माणसामार्फत’ पोचवण्याचा प्रयत्न केला, तर परकीय चलनाचा कायदा मोडला जाईल.

वकिलाच्या खात्याचा क्रमांक बदलला आहे, असा ई-मेल ऐन पैसे भरण्याच्या वेळी आला, तर मुलाने तो खोटाच समजावा आणि आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय रक्कम पाठवू नये. अशा बनावट ई-मेलमुळे लोकांची आयुष्याची पुंजी एका दुपारीत गेलेली आहे.

राहिला प्रश्न अक्षय्य तृतीयेचा. प्रस्ताव मान्य झाल्यापासून चाव्या हाती येईपर्यंत साधारण तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक काळ जातो. ताब्याची तारीख एक्स्चेंजच्या वेळी साखळीतील सर्वांच्या सोयीने ठरते आणि ती बँका चालू असतात अशाच दिवशी असते. त्यामुळे मुहूर्तासाठी वकिलाला किंवा एजंटला घाई करायला लावू नका. घाई आहे हे कळताच किमतीची बोलणी तुमच्या विरुद्ध जातात. ताबा मिळेल त्या दिवशी घ्यावा आणि वास्तुशांतीसाठी पुढचा सोयीचा मुहूर्त धरावा. घराचा विमा मात्र गृहप्रवेशापर्यंत लांबवता येणार नाही, एक्स्चेंज झाल्या दिवसापासून घराची जोखीम बहुधा खरेदीदारावर येते, म्हणून त्याच दिवसापासून तो सुरू असल्याची खात्री मुलाने वकिलाकडून करून घ्यावी.